तहान लागण्याआधीची विहीर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, असं आपल्याकडची जुनीजाणती माणसं सांगत आली आहेत. बाकी सगळ्या बाबतीत आपण त्यांचं ऐकतोही. पावसाळ्याआधी छपराची कौलं परतून घेतो, उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे डबे भरून ठेवतो, मुलांच्या शिक्षणासाठी ती लहान असतानाच पैसे बाजूला टाकू लागतो. मनाच्या बाबतीत मात्र घशाला पार कोरड पडेपर्यंत आपण कुदळ हातात घेत नाही.

ताणतणाव कसे हाताळावेत, याचे प्रशिक्षण वर्ग मी घेतो. पहिल्या दिवशी हमखास एक प्रश्न येतो : ‘ताण आला की नेमकं काय करायचं?’ माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. मी म्हणतो, ‘ऐन ताणाच्या क्षणी नवं असं फारसं काही करता येत नाही. त्या वेळी माणूस तेच करतो, जे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून प्रश्न जरा बदलू या. ताण येण्याआधी काय करून ठेवायचं?’ आजच्या या थोड्या वेळात त्याविषयीच बोलायचं आहे.

ऐन वेळी नवं काही का सुचत नाही? याचं उत्तर आपल्या शरीरात आहे. हार्वर्ड विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली भीती आणि संताप यांच्या काळात शरीरात काय घडतं, यावर पुस्तक लिहिलं. संकट दिसलं की शरीर एक तर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करतं. अॅड्रिनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, स्नायू ताठरतात, रक्तातली साखर वाढते. पुढे १९३६ मध्ये माँट्रियलला संशोधन करणारे हॅन्स सेल्ये यांनी दाखवून दिलं, की थंडी असो, जखम असो की विषारी औषध असो, आघात वेगवेगळे असले तरी प्राण्याच्या शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. यंत्राच्या भागावर पडणाऱ्या दाबासाठी वापरला जाणारा ‘स्ट्रेस’ हा शब्द माणसाच्या बाबतीत रूढ झाला, तो मुख्यतः सेल्ये यांच्यामुळे.

समोर वाघ असेल तर ही तयारी उपयोगाचीच आहे. पण आपल्यासमोर वाघ क्वचितच येतो. येतो तो कर्जाच्या हप्त्याचा फोन, साहेबांचा निरोप, मुलाचा निकाल, डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी. इथे पळूनही जाता येत नाही आणि कुणाची मानगूटही धरता येत नाही. शरीर मात्र वाघ आल्यासारखंच वागतं, आणि वाघासमोर कुणी शांत डोक्याने नवी विद्या शिकत नाही.

मग आपल्या हातात काय उरतं? रिचर्ड लॅझरस आणि सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात याचं फार चांगलं विवेचन केलं आहे. कुठलाही प्रसंग समोर आला, की आपलं मन नकळत दोन गोष्टींचा अंदाज घेतं. एक, यात माझं काय पणाला लागलं आहे? दोन, याला तोंड द्यायला माझ्याजवळ काय आहे? पहिल्याचं उत्तर ‘पुष्कळ’ आणि दुसऱ्याचं ‘काहीच नाही’ असं आलं, की ताण अनावर होतो. आता, आईचं ऑपरेशन असेल तर पहिलं उत्तर कसं बदलणार? ते ‘पुष्कळ’ असंच राहणार. पण दुसरं उत्तर बदलता येतं, आणि ते आधीपासून बदलून ठेवता येतं. ताणाच्या प्रशिक्षणाचा सगळा भर या दुसऱ्या उत्तरावर आहे.

मनाची लस

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्या वेळी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मारलेले किंवा दुबळे केलेले जंतू बेताच्या प्रमाणात शरीरात सोडायचे, म्हणजे खरा हल्ला होण्याआधीच शरीर प्रतिकाराला शिकतं, हे या लशींमागचं तत्त्व.

हेच तत्त्व मनाला लावता येईल का, असा विचार कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबाम यांनी १९७० च्या दशकात केला. त्यांनी आखलेल्या पद्धतीला आपण मराठीत ‘तणाव-लसीकरण’ म्हणू या. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, आपल्या ताणाची नीट ओळख करून घेणं. दुसरी, त्याला तोंड देण्याची कौशल्यं शिकून ती घोटणं. तिसरी, ती कौशल्यं छोट्या-छोट्या ताणांवर वापरत मोठ्या ताणाकडे जाणं. १९८५ मध्ये त्यांनी यावर छोटेखानी पुस्तकही लिहिलं.

यात लशीचा डोस बेताचा असणं फार महत्त्वाचं. गावाकडे मुलाला पोहायला शिकवतात, ते पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून. कुणी सरळ विहिरीत ढकलून दिलं तर एखादा पोहायला शिकेलही, पण दुसरा आयुष्यभर पाण्याला भिऊन राहील. ‘टक्केटोणपे खाल्ले की माणूस आपोआप घट्ट होतो’ असं आपण सहज बोलून जातो. ते अर्धंच खरं आहे. झेपेल एवढा टोणपा आणि सोबतीला कुणीतरी काठावर उभं, अशा स्थितीत माणूस शिकतो.

आधी केलेल्या तयारीचा खरोखर उपयोग होतो का, अशी शंका कुणालाही येईल. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ डॉ. लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा ९७ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीचीच वागणूक. दुसऱ्या गटातल्या ४६ जणांना मात्र भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेटून सांगितलं, की शुद्धीवर आल्यावर दुखेल, कुठे दुखेल, किती दुखेल, का दुखेल. शिवाय पोटाचे स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं, हेही शिकवलं. या दुसऱ्या गटाला पहिल्या गटाच्या मानाने वेदनाशामक औषध साधारण निम्मंच लागलं आणि ही माणसं सरासरी २.७ दिवस आधी घरी गेली. कोण कुठल्या गटात आहे, हे घरी सोडणाऱ्या शल्यचिकित्सकांना ठाऊक नव्हतं. औषध तेच, सुरीही तीच. फरक होता तो आदल्या दिवशीच्या बोलण्याचा.

तणाव-लसीकरणावर पुढे बरंच संशोधन झालं. १९९६ मध्ये अशा ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा या प्रशिक्षणाने चिंता कमी होते आणि दडपणाखालचं कामही सुधारतं, असाच निष्कर्ष निघाला.

पहिली पायरी : ओळख

‘मला खूप टेन्शन आहे’ या वाक्यावर काहीच करता येत नाही. ते गाठोड्यासारखं असतं, ते सोडून आतल्या चिंध्या वेगळ्या कराव्या लागतात. कधी येतं हे टेन्शन? कुणासमोर? सर्वांत आधी शरीराला कुठे कळतं? त्या वेळी मनात कोणतं वाक्य उमटतं?

माझ्या एका वर्गात एक बसवाहक आले होते. प्रवाशाशी झालेल्या भांडणात त्यांनी हात उगारला होता, त्याबद्दल लेखी समज मिळाली होती. पुन्हा असं झालं तर नोकरीवर गदा येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरात कमावते ते एकटेच. ते म्हणाले, ‘सर, मी रागीट नाही हो. पण चारचौघांत कुणाचा आवाज चढला की पुढे मी काय बोलतो, ते माझं मलाच कळत नाही.’ आठवडाभर त्यांना एका वहीत नोंदी करायला सांगितल्या. त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. राग भडकण्याआधी त्यांची मूठ तिकिटाच्या मशीनभोवती आवळली जात असे. आणि मनात वाक्य येत असे, ‘हा मला लोकांदेखत कमी लेखतोय.’ भांडण असे दहा रुपयांच्या सुट्ट्यांचं, पण मनात चालू असे ते इज्जतीचं.

दुसरी पायरी : कौशल्यं

कौशल्यं दोन प्रकारची. एक शरीराचं, दुसरं मनातल्या बोलण्याचं.

शरीराचं आधी सांगतो. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायूंच्या क्रमवार शिथिलीकरणाची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. त्यांचं म्हणणं साधं होतं. स्नायू आवळलेला आहे, हे आपल्याला बहुतेक वेळा कळतच नाही, आणि जे कळत नाही ते सोडणार कसं? आत्ता गाडी चालवत नसाल तर माझ्याबरोबर करून बघा. उजव्या हाताची मूठ आवळा. फार जोर नको. पाच आकडे मोजेपर्यंत तो ताण कुठे-कुठे जाणवतो, ते बघा. आता एकदम सैल सोडा, आणि सैल पडलेला हात कसा लागतो, ते दहा-पंधरा सेकंद नुसतं अनुभवा. मग याच क्रमाने दुसरा हात, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पाय. दुखऱ्या किंवा इजा झालेल्या भागाला हात लावू नका. रोज दहा-पंधरा मिनिटं असं काही आठवडे केलं, की ताण चढू लागल्याची पहिली चाहूल पकडता येते.

श्वासाचंही तसंच. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. बाहेर सोडणं लांबवायचं, म्हणजे धडधड उतरायला मदत होते. प्राणायाम करणाऱ्यांना यात नवं काहीच वाटणार नाही. नवं एवढंच, की हे सकाळी सतरंजीवर बसून झाल्यावर संपत नाही. बँकेच्या रांगेत, सिग्नलला, कुकरच्या शिट्टीची वाट बघताना ते मुद्दाम करायचं. शांत जागी शिकलेली गोष्ट गडबडीत आपोआप आठवत नाही, गडबडीतही ती करून ठेवावी लागते.

दुसरं कौशल्य स्वसंवादाचं. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत पोचली ती कि. मो. फडके यांच्यासारख्यांच्या लेखनामुळे. घटनेइतकाच, किंबहुना त्याहून जास्त त्रास घटनेविषयीच्या आपल्या हेकट समजुती देतात, हे एलिस यांचं प्रतिपादन. मायकेनबाम यांनी त्याला तालमीची जोड दिली. त्यांनी ताणाच्या प्रसंगाचे चार टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्यासाठी स्वतःशी बोलायची वाक्यं आधीच तयार ठेवायला सांगितली.

प्रसंगाच्या आधी : ‘नेमकं काय करायचं आहे, ते एकेक बघू. नुसत्या काळजीने गाडा पुढे सरकणार नाही.’ प्रसंग समोर असताना : ‘एका वेळी एकच गोष्ट. आधी याचं बोलणं पुरतं होऊ दे.’ अगदी अनावर झालं तर : ‘छाती धडधडतेय, ती धडधडणारच. हे वाढेल आणि उतरेलही. आधी एक श्वास सोडू.’ आणि सगळं आटोपल्यावर : ‘जमलं तेवढं जमलं. पुढच्या खेपेला आवाज आणखी थोडा खाली.’

यातलं शेवटचं वाक्य आपण सहसा विसरतो. निभावून नेलेल्या प्रसंगाची आपण नोंदच ठेवत नाही, फसलेल्याचीच उजळणी करत बसतो. आणखी एक लक्षात घ्या. ही वाक्यं म्हणजे ‘सगळं छान होईल’ छापाची गोड वाक्यं नाहीत. ती खोटी वाटली तर ऐन वेळी मन ती झिडकारून टाकतं. म्हणून ती खरी हवीत, छोटी हवीत आणि आपल्या घरच्या बोलीत हवीत. वाहकांनी स्वतःसाठी तयार केलेलं वाक्य होतं, ‘वाद सुट्ट्यांचा आहे, इज्जतीचा नाही.’ एवढंच.

तिसरी पायरी : तालीम

नाटकवाल्यांना तालमीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. संवाद पाठ असणं वेगळं आणि समोर प्रेक्षक असताना ते येणं वेगळं. वर्गात आम्ही खुर्च्या मांडून बस केली. पहिल्या दिवशी प्रवासी झालेले सहकारी हळू आवाजात कुरकुरले, तर वाहकांना हसूच आवरेना. दुसऱ्या दिवशी आवाज वाढवला. तिसऱ्या दिवशी एकाने असा काही शब्द टाकला, की त्यांचा चेहरा खरोखर लाल झाला. आम्ही तिथेच थांबलो. मूठ बघितली, श्वास सोडला, वाक्य म्हटलं, आणि तोच प्रसंग पुन्हा केला. असा पाच-सहा वेळा. अमेरिकेत रेमंड नोवाको यांनी रागाच्या समस्येसाठी १९७५ पासून ही पद्धत वापरली आणि पुढे पोलिसांच्या प्रशिक्षणासाठीही ती मांडली. तीही साधारण अशीच आहे.

तीन महिन्यांनी वाहकांचा फोन आला. म्हणाले, ‘सर, पब्लिक होती तशीच आहे. पण आता मशीन आवळलं गेलं की मला कळतं.’ या प्रशिक्षणाकडून यापेक्षा मोठी अपेक्षा मी ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका.

प्रत्यक्ष जगात केलेल्या तालमीचा एक गमतीदार किस्सा खुद्द एलिस सांगत असत. तरुणपणी त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला : ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशी बोलायचं. १३० जणींच्या शेजारी ते जाऊन बसले. तीस जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी ते बोलले. पुन्हा भेटायला फक्त एक तयार झाली, आणि तीही आली नाही! पण आभाळ काही कोसळलं नाही, आणि त्यांची भीती गेली. आज कुणी असा गृहपाठ करू नये, समोरच्या स्त्रीलाही त्रास होतोच. त्यातलं घेण्यासारखं आहे ते हे, की भीती विचार करून जात नाही, ती वापरून-वापरून झिजते.

मर्यादाही जाणून घ्या

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, सगळाच ताण मनाचा नसतो. बारा-बारा तास राबवून पगार थकवणाऱ्या मालकाला श्वासाचा व्यायाम हे उत्तर नाही. घरात मारहाण होत असेल तर बाईने ‘स्वसंवाद’ सुधारण्याची गरज नाही, तिला संरक्षणाची गरज आहे. लॅझरस यांनीही तोंड देण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या : प्रश्नच सोडवणं आणि प्रश्नामुळे उठलेल्या भावना सावरणं. जिथे प्रश्न सुटण्यासारखा आहे, तिथे तो सोडवायलाच हवा, आणि तो सोडवण्यासाठी लागणारा शांतपणा या तंत्रांनी मिळवावा. माणसाला गप्प बसवण्यासाठी ती वापरू नयेत.

दुसरी, ही तंत्रं म्हणजे आजारावरचा उपचार नव्हे. दोन-दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर घरगुती प्रयोग करत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फोन करता येतो, आणि तो मोफत आहे. मोठा अपघात किंवा मृत्यू पाहिलेल्या माणसाला लगेच समोर बसवून ‘सगळं सांग, मोकळा हो’ असा आग्रहही धरू नये. अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, कधी वाढतोही, असं संशोधनाच्या आढाव्यातून दिसलं आहे. त्याच्याजवळ बसावं, पाणी द्यावं, घरच्यांना बोलवावं. त्याला बोलावंसं वाटेल तेव्हा तो बोलेल.

श्रोतेहो, येत्या महिना-दोन महिन्यांत तुमच्या घरात काहीतरी ठरलेलं असेलच. कुणाची बारावीची परीक्षा, कुणाची मुलाखत, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं भावाशी जमिनीविषयी बोलायचं राहिलेलं. त्यातला एकच प्रसंग निवडा. आज रात्री एका कागदावर लिहा : यात मला सर्वांत अवघड काय जाईल, तेव्हा माझं शरीर काय करेल, आणि मी स्वतःशी काय बोलेन. उद्यापासून दहा मिनिटं अंग सैल सोडायला शिका. आणि घरातल्या एखाद्या माणसाला म्हणा, ‘जरा माझी तालीम घे.’ पोराला म्हणा, आईला म्हणा, शेजारच्या काकूंना म्हणा. सुरुवातीला दोघांनाही हसू येईल. येऊ द्या. हसता-हसता केलेली तयारीच अवघड दिवशी हाताशी येते.